पिसाची साक्ष : बालमृत्यू, शोक आणि श्रद्धा

दोनशे वर्षांपूर्वीच्या कोणत्याही देशात, कोणत्याही गावात आपण गेलो असतो, तर ज्या घरातले एकही मूल दगावलेले नाही असे घर शोधून काढणे फार कठीण गेले असते. ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरची मोहरी मागत दारोदार फिरलेल्या किसागोतमीची बौद्ध कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पदरात मोहरीचा एक दाणाही पडला नाही, यात कथाकाराची अतिशयोक्ती मुळीच नाही. यंत्रयुगापूर्वीच्या युरोपचा हिशेब घेतला, तर जन्मलेल्या चार मुलांपैकी सुमारे एक मूल वर्षाच्या आत जाई, आणि जवळजवळ निम्मी मुले वयात येण्यापूर्वीच मातीआड होत. आपल्याकडची स्थिती याहून बरी होती असे मानण्यास काही आधार नाही.

मृत्यू जिथे इतका नित्याचा होता, तिथे मुलांसाठी कोणी रडत होते काय? प्रश्न निष्ठुर वाटेल. पण इतिहासाच्या अभ्यासकांनी तो गंभीरपणे विचारला आहे. फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली बालपणाच्या इतिहासावर एक गाजलेला ग्रंथ लिहिला. जे मूल हाती लागेल की नाही याचा भरवसा नाही, त्याच्यात फार जीव गुंतविणे जुन्या काळच्या माणसांस परवडण्याजोगे नव्हते, असा त्याचा आशय होता. हा विचार पुष्कळांस पटला. पटण्याचे एक कारण असेही असावे की तो आपल्याला सुखावतो: पूर्वीची माणसे कोडगी होती, आपण हळवे आहोत, आणि हळवेपणा ही प्रगतीची खूण आहे!

आमचे मत निराळे आहे. जुन्या काळच्या आईबापांचा शोक आपल्याला दिसत नाही, याचे कारण तो शोक नव्हता हे नव्हे. तो करण्याची जागा धर्मशास्त्राने त्यांना फार थोडी ठेवली होती, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचा शोक लिहून ठेवणारे कोणी नव्हते. तो ज्यांनी लिहून ठेवला ते बहुधा त्याचे विरोधक होते. या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही स्वित्झर्लंडमधील एका लहानशा यात्रास्थळाची हकीकत सांगणार आहोत. ती पाचशे वर्षांपूर्वीची आहे. तिच्यातील प्रश्न मात्र जुना झालेला नाही.

ती हकीकत समजण्यासाठी आधी त्या काळच्या ख्रिस्ती धर्मशास्त्राची थोडी ओळख करून घेतली पाहिजे. मनुष्य जन्मतःच आदिपापाचा वारसा घेऊन येतो आणि बाप्तिस्म्याच्या जलाने ते पाप धुतल्याशिवाय त्याला स्वर्गाचे दार उघडत नाही, ही पश्चिमेकडील चर्चची भूमिका होती. मग बाप्तिस्म्यापूर्वीच जे अर्भक मेले त्याचे काय? संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याने पेलाजियसच्या अनुयायांशी वाद घालताना याचे उत्तर कठोरपणे दिले: त्या अर्भकासही दंड आहे, मात्र तो सर्वांत सौम्य आहे. ऑगस्टीनला स्वतःला आदेओदातुस नावाचा मुलगा होता आणि तो ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर वारला. पण बापलेकांनी ३८७ साली बरोबरच बाप्तिस्मा घेतला असल्यामुळे बापाच्या मनात त्याच्या परलोकाविषयी शंका नव्हती.

पुढील शतकांतील पंडितांना ऑगस्टीनचा हा निकाल जड वाटू लागला. बाराव्या-तेराव्या शतकांत त्यांनी एक मधली जागा कल्पिली आणि तिला ‘लिंबुस’ म्हणजे काठ किंवा किनार असे नाव दिले. नरकाच्या काठावरील या जागी अर्भकांना यातना नाहीत. मात्र देवाचे दर्शनही नाही. आपण कशाला मुकलो हे त्यांना कळतच नाही, म्हणून ती आपल्या परीने सुखी असतात, असे थॉमस अक्वायनसने म्हटले. तर्काच्या दृष्टीने ही तडजोड चांगली होती. पण जिचे मूल गेले त्या बाईच्या दृष्टीने तिचा अर्थ काय होत होता? ती स्वतः पुण्याईने स्वर्गात गेली तरी तिचे मूल तिला तिथे भेटणार नव्हते. ताटातूट कायमची होती. भरीस भर म्हणजे बाप्तिस्मा न झालेल्या मुलाला चर्चच्या पवित्र केलेल्या भूमीत पुरता येत नसे. त्याला नावही नसे, कारण नाव ठेवावयाचे ते बाप्तिस्म्याच्या वेळी. बारशाआधी गेलेल्या मुलाचे दुःख काय असते हे आपल्याकडच्या बायकांना समजावून सांगावे लागणार नाही.

चर्चने एक सोय मात्र ठेवली होती. प्रसंग निकडीचा असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकत असे. धर्मगुरूची वाट पाहण्याचे कारण नव्हते. सुइणींना त्यासाठीचे मोजके शब्द मुद्दाम शिकविलेले असत. मूल जन्मून घटकाभर जगले, तरी सुईण त्याच्या डोक्यावर पाणी घाली, आणि आईबापांची निदान ती एक चिंता मिटे. अट एकच होती: मूल जिवंत असले पाहिजे. संस्कार जिवंतांसाठी आहेत, प्रेतांसाठी नाहीत. त्यामुळे उपजतच मेलेल्या मुलासाठी धर्माच्या हाती काहीही नव्हते. सारा स्वर्ग एका श्वासावर अडून राहिला होता.

बर्न राज्यात आर नदीच्या काठी ब्यूरेन नावाचे गाव आहे. त्याला लागून ओबरब्यूरेन येथे कुमारी मारियाचे एक देऊळ होते आणि तेथील मूर्ती जागृत आहे अशी ख्याती होती. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात लोक तेथे मेलेली अर्भके घेऊन येऊ लागले. तेथे काय चालत असे हे आपल्याला कळते ते कोन्स्टान्सचा बिशप ओटो फॉन झोनेनबर्ग याच्या पत्रावरून. १४८६ साली त्याने रोमला तक्रार केली. त्याच्या सांगण्याप्रमाणे, या कामासाठी नेमलेल्या काही बायका होत्या. त्या अर्भकाला निखाऱ्यांची ऊब देत आणि त्याच्याभोवती मेणबत्त्या पेटवीत. देह जरा कोमट झाला की त्याच्या ओठांवर एक हलके पीस ठेवीत. पीस हलले, म्हणजे श्वास आला. श्वास आला, म्हणजे मूल जिवंत आहे! लगेच त्याला बाप्तिस्मा देत, घंटा वाजत, देवाची स्तुती होई, आणि मग ते मूल पुन्हा मेले असे समजून त्याला पवित्र भूमीत पुरीत. ज्यांचे अवयवही पुरते घडलेले नाहीत अशी अर्भके तेथे आणतात, पीस हलते ते निखाऱ्यांच्या उष्णतेने, आणि अशा २००० च्या आसपास मुलांना आजवर बाप्तिस्मा दिला गेला आहे, असा बिशपाचा आक्षेप होता.

बिशपाचे म्हणणे खोटे होते काय? मुळीच नाही. तापलेली हवा वर जाते आणि तिने पीस हलते, हे सांगण्यास मोठे शास्त्र लागत नाही. ते बिशपाला कळत होते, आणि आम्हांस असे वाटते की तेथे आलेल्या शेतकऱ्याला व त्याच्या बायकोलाही ते अगदीच कळत नसेल असे नाही. चुलीपुढे आयुष्य काढणारीला निखाऱ्यावरची हवा ठाऊक असते. त्यातून बर्नच्या राज्यकर्त्यांचे या स्थळाला पाठबळ होते, आणि जेथे यात्रा तेथे दानपेटी हा नियम पंढरीपासून रोमपर्यंत सारखाच आहे. म्हणून या प्रकाराला भोळेपणा म्हणावे, फसवणूक म्हणावे, किंवा दोन्ही म्हणावे. बिशपाने तसेच केले आणि पुढे पुष्कळांनी केले.

पण इतिहासकाराने एवढ्यावर थांबू नये. या आईबापांनी मागितले काय, ते त्याने पाहिले पाहिजे. मूल परत मिळावे, ते वाढावे, आपल्या अंगणात खेळावे, असे मागणे त्यांनी ओबरब्यूरेनला केलेच नाही. पीस हलल्यावरही मूल पुन्हा मरणार आणि आपण रिकाम्या हातांनी परत जाणार, हे त्यांना घरून निघतानाच ठाऊक होते. त्यांचे मागणे एका श्वासाचे होते. फ्रेंच भाषेत अशा स्थळांना जे नाव आहे त्यात ‘रेपी’ हा शब्द येतो, आणि त्याचा अर्थ आहे उसंत, घटकाभराची मुदत. कर्जदार सावकारापाशी जशी मुदत मागतो, तशी ही माणसे मृत्यूपाशी मुदत मागत होती. आणि तीही त्या मुलाला नाव मिळावे, त्याला चार माणसांत पुरता यावे, व परलोकी कधी काळी त्याची भेट व्हावी एवढ्यासाठी. हे बंड नव्हते. चर्चने सांगितलेला शब्द न् शब्द त्यांनी मान्य केलेला होता. तो मान्य होता म्हणूनच तर मेलेले मूल कापडात गुंडाळून दिवसचे दिवस चालण्याची पाळी त्यांच्यावर आली. ज्या माणसांना मुलांविषयी जिव्हाळा नसतो ती असे करीत नाहीत. आरिएसला याहून अधिक स्पष्ट उत्तर काय द्यावयाचे?

हे स्थळ एकटे नव्हते. फ्रान्समध्ये अशी स्थळे दोनशेंहून अधिक मोजली गेली आहेत; बव्हेरियातील उर्सबर्ग आणि इटलीच्या ईशान्येकडील डोंगराळ भागातील त्रावा ही नावेही अभ्यासकांना परिचित आहेत. रोमने या प्रकाराला वेळोवेळी मनाई केली. १७२९ साली धर्मपीठाने त्याविरुद्ध स्पष्ट निर्णय दिला आणि पोप चौदावा बेनेडिक्ट यानेही त्याचा निषेध केला. तरीही कित्येक ठिकाणी ही चाल एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. दुःख तसेच ठेवून त्यावरचा उपाय तेवढा बंद करावा, हे फर्मानाने साधत नाही.

ओबरब्यूरेनचा शेवट मात्र फर्मानानेच झाला. १५२८ च्या जानेवारीत बर्न येथे धर्मविषयक मोठा वादविवाद झाला, झ्विंग्लीने त्यात भाग घेतला, आणि बर्नने सुधारलेला पंथ स्वीकारला. त्याच वर्षी ओबरब्यूरेनची मूर्ती जाळण्यात आली आणि पुढील काही वर्षांत देऊळही भुईसपाट करण्यात आले. सुधारकांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ख्रिस्ती आईबापांचे मूल केवळ पाणी न लागल्यामुळे देवाला पारखे होत नाही, असे झ्विंग्ली शिकवीत होता. म्हणजे त्यांनी देऊळ पाडले तसे त्या देवळाकडे धाडणारे भयही पाडले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. मेणबत्ती गेली, घंटा गेली, मृतांसाठीची प्रार्थना गेली. दुःखात माणसाच्या हातांना काही काम लागते. ते काम गेले. यापुढे आईबापांनी फक्त विश्वास ठेवावयाचा होता.

तो विश्वास ठेवणे किती कठीण, हे नव्या धर्माच्या सर्वांत मोठ्या पुरुषालाच अनुभवावे लागले. ज्या १५२८ साली ओबरब्यूरेनची मूर्ती जळाली, त्याच वर्षीच्या ऑगस्टात मार्टिन ल्यूथरची आठ महिन्यांची मुलगी एलिझाबेथ वारली. बापाचे मन लेकरापायी इतके हळवे होऊ शकते याची आपणास पूर्वी कल्पना नव्हती, अशा आशयाचे पत्र त्याने एका मित्रास लिहिले. पुढे १५४२ च्या सप्टेंबरात त्याची तेरा वर्षांची माग्दालेना गेली. या वेळी ल्यूथर साठीच्या घरात आलेला होता. उभ्या युरोपला त्याने श्रद्धेचा अर्थ शिकविला होता. मुलगी देवाघरी सुखात आहे याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. तरीसुद्धा युस्टुस योनास या आपल्या सहकाऱ्यास त्याने कळविले की आपण आणि आपली पत्नी काटारीना यांनी खरे म्हणजे देवाचे आभार मानावयास हवेत. पण ते हुंदक्यांवाचून जमत नाही, आणि ख्रिस्ताच्या मरणाचे चिंतनही हे दुःख पुरते दूर करू शकत नाही. एवढा कबुलीजबाब देण्यास मोठे धैर्य लागते. श्रद्धा खरी असते आणि शोकही खरा असतो. एकाने दुसरा खोटा ठरत नाही, हे या पत्रात दिसते.

त्याच १५४२ साली ल्यूथरचे एक छोटे प्रकरण प्रसिद्ध झाले. ज्यांचा गर्भ गेला किंवा ज्यांचे मूल बाप्तिस्म्यापूर्वी मेले अशा स्त्रियांच्या सांत्वनासाठी ते लिहिलेले होते. पोथीतील वचनांनी त्यांना घाबरवू नये, असे त्याने बजाविले. आईच्या मनातील उसासा, तिची शब्दांत न आलेली इच्छा, हीच देवाजवळ प्रार्थना म्हणून पोचते, असा त्याचा अभिप्राय होता. म्हणजे ओबरब्यूरेनच्या बाया जो श्वास मुलाच्या ओठांवर शोधीत होत्या, तो ल्यूथरने आईच्या ओठांवर पुरेसा मानला. पंथ दोन, भाषा दोन. पण प्रश्न तोच होता आणि उत्तर देणाऱ्याला आईच्या दिशेने चार पावले यावे लागले.

आपल्या धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचार कसा केला, हे येथे थोडक्यात पाहणे अप्रस्तुत होणार नाही. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ साली निघालेल्या चौथ्या खंडात अंत्येष्टी व आशौच यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. दोन वर्षांच्या आतील मूल गेले तर त्याला अग्नी न देता पुरावे आणि त्याला उदकदान करू नये, असे याज्ञवल्क्याचे सांगणे आहे. आशौचही वयाप्रमाणे घटत जाते. दात येण्यापूर्वी मूल गेले तर शुद्धी तत्काळ, चौलापूर्वी गेले तर एका रात्रीने, मुंजीपूर्वी गेले तर तीन रात्रींनी. ज्याचे संस्कारच झाले नाहीत त्याला संस्कारांवर उभारलेला अंत्यविधी कसा लागू करावा, असा त्यामागील विचार दिसतो.

वरवर पाहता ही दोन शास्त्रे दोन टोकांना आहेत. तिकडे विधीवाचून मुलाला गती नाही. इकडे मुलाला विधीची गरजच नाही. इकडच्या आईला आपले मूल कायमचे दुरावेल या भयाने ग्रासले नाही, हा मोठाच दिलासा म्हटला पाहिजे. पण शोकाच्या दृष्टीने पाहिले तर दोन्हीकडे घडते ते एकच. तान्हे मूल गेल्यावर आईबापांनी काय करावे याला शास्त्राजवळ उत्तर नाही, किंवा असले तर ते फार आखूड आहे. सुतक एका दिवसात फिटते; आईच्या अंगावरचे दूध काही एका दिवसात आटत नाही. तरी मनुस्मृतीत याच प्रसंगी एक लहानसा शब्द आला आहे, त्याकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. दोन वर्षांच्या आतील मुलाला बांधवांनी गावाबाहेर नेऊन शुद्ध भूमीत ठेवावे, अस्थिसंचय करू नये, एवढे सांगताना स्मृतिकार म्हणतो की त्याला अलंकृत करून ठेवावे. अग्नी नाही, पिंड नाही, पाणी नाही. पण नटवावे मात्र. विधी एकेक करून वगळणाऱ्या त्या श्लोकात हा शब्द का राहिला असेल? आमचा तर्क असा की शास्त्राने सांगो न सांगो, बायका ते करीतच होत्या, आणि शास्त्राने ते मुकाट्याने मान्य केले.

रोमन चर्चनेही अखेर असेच काही केले, फक्त त्याला फार वेळ लागला. लिंबुसची कल्पना अधिकृत सिद्धान्त म्हणून कधी घोषित झाली नव्हती; पण शतकानुशतके ती तशीच शिकविली गेली. १९७० च्या प्रार्थनाग्रंथात बाप्तिस्म्यापूर्वी मेलेल्या अर्भकांसाठी अंत्यविधीच्या उपासनेची सोय करण्यात आली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात अशा मुलांना देवाच्या दयेवर सोपविण्यास सांगितले आहे. आणि २००७ साली रोममधील आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र मंडळाने पोप सोळावा बेनेडिक्ट यांच्या संमतीने एक निवेदन प्रसिद्ध केले. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या मुलांचा उद्धार होतो अशी आशा बाळगण्यास सबळ कारणे आहेत, असे त्यात म्हटले आहे. मंडळाने हे खात्रीचे ज्ञान म्हणून सांगितलेले नाही, आशा म्हणून सांगितले आहे. बिशपाच्या तक्रारीपासून या आशेपर्यंत ५२१ वर्षे लोटली. एवढ्या काळात किती बायका कोणत्याही देवळापर्यंत न पोचता घरच्या अंधारात रडल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

ओबरब्यूरेनची जमीन मात्र थोडे बोलली. १९९२ ते १९९७ या काळात बर्नच्या पुरातत्त्व विभागाने तेथे उत्खनन केले. देवळाचा पाया तर सापडलाच. त्याच्या आसपास सुमारे २५० अर्भकांचे सांगाडेही मिळाले. त्यांत दिवस न भरलेली पुष्कळ होती. बिशपाने ‘अवयवही न घडलेली’ असे जे लिहिले होते ते अशा रीतीने खरे ठरले. पण बिशपाच्या पत्रातून जे कळत नव्हते तेही त्या मातीने सांगितले: ही मुले देवळाच्या छायेत, एकमेकांशेजारी पुरलेली होती. जी ओंजळीत मावतील एवढीशी होती, त्यांनाही कोणी तरी वाट तुडवून तेथवर आणले होते आणि माणसासारखी मूठमाती दिली होती.

आज आपल्या देशात बालमृत्यूचे प्रमाण पूर्वीच्या मानाने पुष्कळ घटले आहे, आणि हे श्रेय सुइणीच्या प्रार्थनेपेक्षा लस, स्वच्छ पाणी व प्रसूतिगृहे यांना आहे, हे आम्ही निःसंकोच मान्य करतो. परंतु ज्या घरी आजही हा प्रसंग येतो तेथे काय होते? दिवस भरण्यापूर्वी गर्भ गेला, किंवा बाळ उपजतच गेले, तर पुष्कळदा आईला ते दाखवीतही नाहीत. ‘तू तरुण आहेस, दुसरे होईल’ असे चार शहाणी माणसे सांगतात, सुतक धरावयाचे की नाही याची दबल्या आवाजात चर्चा होते, आणि आठवड्याभरात घरात त्याचे नावही निघत नाही. नाव निघणार कसे, ठेवलेलेच नसते. लिंबुस पंडितांच्या ग्रंथांतून गेले असले, तरी अशा बाईला आपण अजून काठावरच उभी करतो.

श्रद्धावंत असो वा अश्रद्ध असो, मेलेल्या मुलाचे आईबाप फार थोडे मागतात. हे मूल होते, ते आमचे होते, आणि त्याला आम्ही नीट निरोप दिला, एवढे चार माणसांनी मान्य करावे, हे ते मागणे. ते मान्य करण्यासाठी कोणताही चमत्कार लागत नाही. ज्या समाजाने ते मान्य केले नाही, त्याच्या माणसांना पिसाची साक्ष काढावी लागली. त्यांच्या पिसाला हसण्यापूर्वी आपल्या समाजाने त्या आईबापांना दुसरा कोणता साक्षीदार दिला आहे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी तपासून पाहावे, एवढेच आमचे सांगणे आहे.